पुस्तक आहे, पण सापडत नाही : ग्रंथालयाच्या नव्या ऑनलाइन कॅटलॉगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठ ग्रंथालय, सांगली

नवा कॅटलॉग सुरू झाल्यापासून देवघेव काउंटरवर पुस्तकं कमी आणि प्रश्न जास्त येताहेत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारी मी तालिकीकरण विभागात बसते, म्हणजे पुस्तक आलं की त्याची नोंद करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे काही उत्तरं गरजेपेक्षा लांबली असतील. घाईत असाल तर मराठी पुस्तकं कशी शोधायची तेवढं वाचा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

नवीन म्हणजे नेमकं काय झालंय?

आधीचा कॅटलॉग फक्त ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर चालायचा. आता तो कुठूनही, मोबाइलवरूनसुद्धा उघडतो. पुस्तक आहे का, किती प्रती आहेत, कोणत्या रॅकवर आहे, कुणी नेलं असेल तर कधी परत येणार, हे सगळं घरबसल्या दिसतं. जत किंवा आटपाडीहून दोन तास एसटीत बसून यायचं आणि इथे आल्यावर कळायचं की पुस्तक बाहेर गेलंय, हा हेलपाटा वाचावा यासाठीच मुख्यतः हा खटाटोप आहे.

मग पुस्तक मोबाइलवर वाचता येईल का?

नाही. कॅटलॉग म्हणजे पुस्तकाचा पत्ता, पुस्तक नव्हे. 'पीडीएफ कुठे आहे?' हा प्रश्न दिवसातून चार-पाचदा येतो, म्हणून जरा खुलासा करते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० कॅलेंडर वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले त्यांच्याकडे राहतात. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, तिथे २०३६ अखेरपर्यंत थांबावं लागेल. पुस्तक आमच्या कपाटात आहे म्हणून ते स्कॅन करून वाटायचा अधिकार आम्हाला मिळत नाही. जे हक्कमुक्त आहे आणि स्कॅन झालंय त्याच्या नोंदीत दुवा दिला आहे. बाकीच्यांसाठी इथे यावं लागेल.

लॉगिन कशाने करायचं?

पुस्तक नुसतं शोधायला लॉगिन लागत नाही. आरक्षण, रिन्यू आणि स्वतःचं खातं बघायला लागतं. तुमचा पीआरएन नंबर हेच युजरनेम. पासवर्ड पहिल्यांदा काउंटरवर मिळेल, तो त्याच दिवशी बदला. आणि जन्मतारीख ठेवू नका. वर्गातल्या सगळ्यांना ती ठाऊक असते, केक कापून झालेला असतो.

लेखकाचं नाव टाकलं तर 'काही सापडले नाही' येतं. तुमच्याकडे त्यांची पुस्तकंच नाहीत का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे इथे थोडं थांबते.

पहिल्याच आठवड्यात बी.ए.चा एक मुलगा काउंटरवर आला. "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय अण्णाभाऊंचं एकबी पुस्तक न्हाई." राग यायला कारण होतं. तो वाळवा तालुक्यातला, आणि अण्णा भाऊंचं वाटेगावही त्याच तालुक्यातलं. स्वतःच्या तालुक्यातला लेखक सांगलीच्या ग्रंथालयात नाही म्हटल्यावर कुणालाही लागेलच. मी त्याचा मोबाइल बघितला. त्याने 'अण्णाभाऊ' असं एका शब्दात टाकलं होतं, आणि आमच्या नोंदींत 'अण्णा भाऊ' असे दोन शब्द. मधली एक रिकामी जागा, आणि तेवढ्यासाठी अख्खा लेखक गायब. त्याला म्हटलं, नुसतं 'साठे' टाक. यादी खाली सरकायला लागली. "आयला, हायत की!"

त्या दिवसानंतर आम्ही लेखकांच्या नावांची एक वेगळी फाइल नीट लावायला घेतली. तिच्यात प्रत्येक लेखकाचं एक प्रमाणित नाव असतं आणि बाकीची सगळी रूपं त्याला जोडलेली असतात. आता 'अण्णाभाऊ', 'अण्णा भाऊ' आणि त्यांचं मूळचं 'तुकाराम भाऊराव' यांतलं काहीही टाकलं तरी एकाच ठिकाणी पोचाल. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची नावं, एक कवितेवर छापलेलं, दुसरं नाटकांवर. मराठीच्या विद्यार्थ्याला हे माहीत असतं, कॉम्प्युटरला सांगावं लागतं. ही जोडणी अजून सगळ्या लेखकांची झालेली नाही. तोवर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

आद्याक्षरं टाकूच नका. 'वि. स.', 'वि.स.' आणि 'वि स' हे तुम्हाआम्हाला एकच वाटतं, यंत्राला नाही. नुसतं आडनाव टाका, मग यादीतून निवडा.

आडनावाची ऱ्हस्व-दीर्घ रूपं दोन्ही करून बघा. माडगूळकर बंधू आपल्याच जिल्ह्यातले, पण आमच्या जुन्या नोंदींत त्यांचं आडनाव 'माडगूळकर', 'माडगुळकर' आणि एका ठिकाणी चक्क 'माडगुलकर' असं सापडलं. तिसरं रूप बहुधा रोमन लिपीतून परत मराठीत आणताना झालं असावं, कारण रोमनमध्ये आला की 'ळ'चा 'ल' व्हायला वेळ लागत नाही.

आणि जितकं कमी टाकाल तितकं जास्त सापडेल. सर्च इंजिनमध्ये अख्खं वाक्य टाकायची सवय इथे कामाला येत नाही.

विषयाने शोधताना तर आणखीच घोळ होतो. 'ऊस' टाकलं तर चारच पुस्तकं?

कारण बाकीच्या पुस्तकांच्या नावात 'ऊस' नाहीच, 'उसाची लागवड' किंवा 'उसावरील रोग' आहे. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं. ऊसचं उसा, पूरचं पुरा, पाऊसचं पावसा. इंग्रजीत शब्दाच्या शेपटाला काहीतरी चिकटतं आणि सुरुवात तशीच राहते, त्यामुळे मुळात इंग्रजीसाठी घडलेल्या या प्रणालींना आपल्या सामान्यरूपाची सवय नाही.

शब्दाचा सुरुवातीचा भाग टाकून पुढे चांदणी, म्हणजे तारकाचिन्ह, द्या. 'हळद*' टाकलं की हळद, हळदीचे, हळदीवरील सगळं येतं. 'द्राक्ष*' टाकलं की द्राक्षे आणि द्राक्षबागसुद्धा. पण 'ऊस*' ने उसाचे येणार नाही, कारण पहिलं अक्षरच बदललंय. तिथे 'ऊस*' आणि 'उसा*' असे दोन वेगळे शोध घ्या. 'शेतकरी' शोधताना 'शेतक*' द्या, कारण पुढे 'शेतकऱ्यांचे' येतं.

आता 'शेतकऱ्यांचे' निघालंच आहे तर सांगते. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्तावाल्या र ला य जोडून होतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलंत देऊन त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. आतून मात्र ते वेगळे, आणि यंत्र आतलंच वाचतं. 'अॅ' आणि 'ॲ'चीही तीच तऱ्हा, त्यामुळे 'अकाउंटन्सी' जिथे 'अ‍ॅकाउंटन्सी' असं छापलंय तिथे जपून. आम्ही आमच्या बाजूने सगळ्या नोंदी एका पद्धतीवर आणतोय. तोवर चांदणी झिंदाबाद.

विषयाचा शोध मात्र हळूहळू सुधारेल. प्रत्येक पुस्तकाला ठरावीक विषयशब्द देण्याचं काम चालू आहे. ते झालं की पुस्तकाच्या नावात ऊस असो वा नसो, 'ऊस' या विषयाखाली ते दिसेल.

आजोबांच्या काळातली पुस्तकं का सापडत नाहीत?

अनुस्वारांमुळे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'पहिलें' असंच छापलेलं आहे. नोंद करताना आमचा नियम असा, की मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच उतरवायचं. आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही. संशोधकाला तेच हवं असतं. पण आजचा वाचक 'पहिले' असं शोधणार, म्हणून नोंदीत पर्यायी शीर्षकाची वेगळी जागा आहे, तिथे आजच्या लेखनातलं रूपही घालतोय. कपाटामागून कपाट चाललंय. तुम्हाला हव्या त्या पुस्तकाचा नंबर अजून लागला नसेल तर जुनं रूप टाकून बघा, नाहीतर आजीला विचारा. गंमत नाही, एका मुलीने खरंच आजीला फोन लावून 'कसं लिहायचा तुम्ही?' असं विचारलं आणि पुस्तक मिळालं.

प्रकाशनाचं वर्ष १८४६ दिसतंय. इतकं जुनं पुस्तक बाहेर कसं ठेवलंय?

ते शके असणार. शकात ७८ मिळवा, म्हणजे शके १८४६ हे १९२४-२५ झालं. शीर्षकपानावर शके असेल तर नोंदीत दोन्ही द्यायचे असतात, पण घाईत भरलेल्या काही जुन्या नोंदींत शकाचा आकडाच इसवी सन म्हणून बसलाय. वर्षाची गाळणी लावून शोधत असाल तर हे लक्षात असू द्या.

मला मराठी टाइप करता येत नाही. रोमन अक्षरांत चालेल?

काही प्रमाणात. ज्या नोंदी आधीपासून रोमन लिपीत होत्या त्या तशा सापडतील. पण खांडेकर या एकाच नावाचं स्पेलिंग तीन माणसं तीन तऱ्हांनी करतात, तेव्हा मोबाइलचा मराठी कीबोर्ड सुरू करा. बोलूनही टाइप होतं. ग्रंथालयात तेवढं हळू बोला.

काही नोंदींत मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. व्हायरस आहे का?

नाही, तो आमचा जुना फॉन्ट. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी टायपिंग ज्या फॉन्टांत चालायचं, त्यांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची आणि वर फक्त मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो. नोंदी बदलून घेतल्या आहेत, पण जोडाक्षरांत अजून कुठे कुठे ठिगळं राहिली आहेत. दिसलं की कळवा.

कॅटलॉग 'उपलब्ध' म्हणतो आणि रॅकवर पुस्तक नसतं. मग उपयोग काय?

तक्रार मान्य. 'उपलब्ध' याचा अर्थ एवढाच, की ते कुणाच्या नावावर घरी गेलेलं नाही. ते वाचनकक्षात कुणाच्या तरी डब्याशेजारी उघडं पडलेलं असू शकतं, परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीत असू शकतं, किंवा रॅकवरच पण भलत्या जागी. आणि खरं सांगायचं तर काही पुस्तकं लपवलेली असतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं रसायनशास्त्राच्या रॅकमागे आडवी सापडतात, कारण उद्या सकाळी आपल्यालाच मिळावीत असा कुणाचा तरी हिशेब असतो. हे करणारे अभ्यासू असतात, म्हणून रागावताही येत नाही, पण कृपा करून करू नका. आरक्षणाची सोय त्यासाठीच आहे.

एकदा रॅक बघितलात आणि मिळालं नाही, तर नोंदीखालच्या 'सापडत नाही' या बटणावर टिचकी मारा, किंवा मामांना सांगा. आमच्या शिपाईमामांना कॅटलॉग वापरायला शिकवायला मी बसले होते. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, ते हिरव्या पुठ्ठ्याचं हाय न्हवं? खिडकीकडच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीत." होतं तिथे. पुठ्ठ्याच्या रंगाने शोधायची सोय नव्या प्रणालीत नाही.

पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा कसा वाचायचा?

त्याला बोधांक म्हणतात. त्यातला वरचा भाग विषयाचा, खालची अक्षरं लेखकाची. विषयाचे आकडे ड्यूई दशांश पद्धतीतले आहेत, १८७६ साली अमेरिकेत निघालेली ही पद्धत. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. चूक होते ती इथे : दशांश चिन्हानंतरचा भाग एकेक अंक करत वाचायचा. ८९१.४६०९ हा आकडा लांब आहे म्हणून मोठा नाही, तो ८९१.४६१ च्या आधी येतो. मुलं नेमकी उलट दिशेने जातात आणि 'नाही' म्हणून परत येतात. जायच्या आधी बोधांकाचा फोटो काढून घ्या, पाठ करू नका.

आरक्षण आणि रिन्यू कसं करायचं?

दोन्ही तुमच्या खात्यातून. आरक्षित पुस्तक परत आलं की मेसेज येतो आणि ते तीन दिवस काउंटरमागच्या फळीवर तुमच्यासाठी राहतं. चौथ्या दिवशी पुढच्याला. दुसऱ्या कुणी आरक्षण केलेलं पुस्तक रिन्यू होत नाही, तिथे काउंटरवर येऊन गळ घालूनही उपयोग नाही.

दंड वाढला का?

नाही. फक्त आता तो आपोआप मोजला जातो, त्यामुळे 'जाऊ दे की मॅडम'ला वाव उरलेला नाही.

मी कोणतं पुस्तक नेलंय हे सगळ्यांना दिसणार का?

हे विद्यार्थी कमी आणि प्राध्यापक जास्त विचारतात! नाही, नाव दिसत नाही. पुस्तक बाहेर आहे आणि परतीची तारीख काय, एवढंच दिसतं. ती तारीख चार वर्षांपूर्वीची असेल तर वाचणारे अंदाज बांधतील, त्याला आमचा इलाज नाही. तुमचा जुना वाचन-इतिहास साठवायचा की नाही हे खात्यातल्या गोपनीयतेच्या पानावर तुम्ही ठरवू शकता.

कार्डांची लाकडी कपाटं टाकून दिली का?

नाही, आणि देणारही नाही. वरच्या मजल्यावर हलवली आहेत. साधारण साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं ते जाड कार्ड, खाली भोक, त्यातून गेलेली सळई. ती अशासाठी की कुणी कार्ड उपटून नेऊ नये. नवी कार्डं आता तयार होत नाहीत, पण जुन्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं बरंच काही आहे, 'पाने ४१ ते ४८ नाहीत', 'दुसरी प्रत बांधणीस', 'नकाशा फाटका'. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुणी भरलंच नव्हतं. आता कार्ड हातात घेऊन नव्या नोंदीत टिपा घालतोय, म्हणून अधूनमधून एखादा खण जागेवर नसेल, तो माझ्या टेबलावर आहे.

लाईट गेली किंवा पूर आला तर सगळं बंद?

लाईट गेली तर तुमच्या मोबाइलवर कॅटलॉग चालूच राहील, कारण सर्व्हर इथे नाही. काउंटरवर त्या वेळेपुरती वहीत नोंद करू आणि नंतर भरू.

पुराचं उत्तर सांगलीकराला वेगळं द्यावं लागतं. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भिजलेलं पुस्तक काही वेळा वाचवता येतं. पण दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात काय काय आहे याची एकमेव मूळ वही, भिजली तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही. शाई पसरते, पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून आता रोज रात्री सगळ्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या शहरात जाते. वह्याही तळमजल्यावरून वर नेल्या आहेत. मला विचाराल तर या सगळ्या बदलातली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची, आणि तिच्याबद्दल काउंटरवर आजवर एकानेच विचारलं.

या सॉफ्टवेअरवर किती पैसे घातले?

सॉफ्टवेअरला लायसन्सचे पैसे नाहीत. याचं नाव कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली सन २००० चा आकडा पेलणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी नवी करून घेतली आणि सगळ्यांना मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि तीही घेणाऱ्याने कधीतरी परत करावी अशी. आपल्याकडचा आहेर तसाच असतो की. खर्च होतो तो सर्व्हरवर, बारकोडवर आणि नोंदी तपासणाऱ्या माणसांवर. तिसऱ्यावर तो जरा जास्त व्हायला हवा होता, पण हे मी लिहिलं असं सांगू नका.

पीएच.डी.चे प्रबंध यात आहेत का?

आमच्याकडे छापील प्रत असलेल्या प्रबंधांच्या नोंदी आहेत. पूर्ण मजकूर वाचायचा तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' बघा, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत आणि ते फुकट उघडतात. विषय ठरवण्याआधी बघा, नंतर नव्हे.

मी विद्यापीठात शिकत नाही. मला चालेल?

शोधायला कुणालाही चालेल. इथे बसून वाचायचं तर ओळखपत्र दाखवून एक दिवसाचा पास घ्या. घरी पुस्तक देता येणार नाही.

नोंदीत चूक दिसली तर कुणाला सांगू?

प्रत्येक नोंदीच्या तळाशी 'चूक कळवा' असं आहे. दाखल क्रमांक लिहा, तो पुस्तकाच्या शीर्षकपानाच्या मागे शिक्क्यात असतो. 'एका पुस्तकात चूक आहे' एवढंच लिहिलेलं काल एक पत्र आलं, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.